वीस बाइटचे बॅकअप: अडकलेल्या एका क्रॉन जॉबची साखळी

सर्व्हर एकच होता. डेबियन लिनक्स, त्यावर एक वेब ॲप्लिकेशन, त्याच मशीनवर पोस्टग्रेस हा डेटाबेस, आणि ॲप्लिकेशनच्या युजरच्या क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणाऱ्या क्रॉन या प्रोग्रामच्या यादीत, काही वर्षांत साचत गेलेल्या डझनभर ओळी, एका ओळीत एक जॉब. सिस्टम सांभाळायला पूर्णवेळ माणूस नव्हता. ज्याला जेव्हा गरज पडली त्याने एक ओळ वाढवली, ती एकदा चालली की पुढे निघून गेला. असे सर्व्हर सगळीकडे असतात आणि बहुतेक वेळा ते नीट चालतातही.

तक्रारी दोन होत्या. काही ग्राहकांना एकच ईमेल दोनदा-तीनदा जात होता. आणि बऱ्याचदा सकाळी साइट उघडत नव्हती. कोणीतरी मशीन रीस्टार्ट करायचं आणि मग दिवसभर सगळं ठीक चालायचं. तक्रारी वेगवेगळ्या लोकांकडून आलेल्या, त्यामुळे त्या एकाच ठिकाणाहून निघत असतील असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. बॅकअपबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती.

सकाळच्या रीस्टार्टमुळे अडचण अशी झाली होती की पुरावा रोज पुसला जात होता. अडकलेल्या प्रोसेस, उघड्या राहिलेल्या जोडण्या, सगळं रीस्टार्टबरोबर जायचं आणि तपासायला बसावं तर मशीन निरोगी दिसायचं. म्हणून पहिली विनंती हीच केली: पुढच्या वेळी साइट बंद दिसली तर रीस्टार्ट करू नका, आधी कळवा.

पुढच्या वेळी कळवलं गेलं. मशीनवर लॉगिन करून चालू प्रोसेसची यादी काढली, तर ईमेल पाठवणारी एकच पायथन स्क्रिप्ट ५७ वेळा चालू दिसली. सुरू झाल्याच्या वेळा पाहिल्या: रात्री ९:३०, ९:३५, ९:४० अशा दर पाच मिनिटांनी एक, थेट पहाटे २:१० पर्यंत. त्यानंतरची एकही नाही. क्रॉनटॅबमध्ये त्या जॉबची ओळ अगदी साधी होती, वेळेच्या पाच रकान्यांत */५ * * * *, पुढे स्क्रिप्टचा मार्ग, आणि शेवटी सगळं आउटपुट आणि एरर डेव्ह-नलमध्ये, म्हणजे येईल ते गिळून टाकणाऱ्या फाईलमध्ये, टाकून दिलेलं.

पाच मिनिटांचा जॉब लिहिणारा माणूस मनात धरून चालतो की काम पाच मिनिटांच्या आत संपेल. क्रॉन असं काहीही धरून चालत नाही. तो दर मिनिटाला जागा होतो, कोणत्या ओळीची वेळ आली आहे ते पाहतो आणि ती ओळ सुरू करून देतो. आधीची प्रत अजून चालू आहे का, हे तो पाहत नाही, आणि तसं पाहीन असं त्याने कधी सांगितलेलंही नाही. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सपासून हे काम याच पद्धतीने चाललंय आणि पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या, आज डेबियनमध्ये असलेल्या क्रॉनच्या मुळाशीही हीच पद्धत आहे. एक प्रत अडकली की दुसरी येते, मग तिसरी. तासाला बारा.

५७ वर का थांबली?

मला हा आकडा जास्त बोलका वाटला. प्रोसेस अमर्याद वाढल्या असत्या तर मेमरी संपून मशीन कोलमडलं असतं आणि प्रश्न केव्हाच उघड झाला असता. इथे वाढ बरोबर एका ठिकाणी थांबली होती, म्हणजे कुठलीतरी मर्यादा गाठली गेली होती.

पोस्टग्रेसमध्ये एका वेळी किती जोडण्या चालतील याची मर्यादा मुळात १०० असते, आणि त्यातल्या ३ सुपरयुजरसाठी, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या युजरसाठी, राखीव असतात. साध्या युजरच्या वाट्याला उरतात ९७. ॲप्लिकेशनचा कनेक्शन पूल, म्हणजे तयार जोडण्यांचा साठा, ४० जोडण्या कायम उघड्या ठेवत होता. ९७ वजा ४०, उरल्या ५७. प्रत्येक अडकलेली ईमेल स्क्रिप्ट एक जोडणी धरून बसलेली. ९:३० ला पहिली अडकली, दर पाच मिनिटांना एक या हिशोबाने ५७ वी २:१० ला. २:१५ ला आलेल्या प्रतीला डेटाबेसने दारातूनच परत पाठवलं, ती एरर देऊन संपली, आणि ती एरर डेव्ह-नलमध्ये गेली.

डेटाबेसच्या चालू सत्रांची यादी पाहिली तेव्हा त्या ५७ ही जोडण्यांपुढे 'व्यवहार उघडा, पण निष्क्रिय' अशी अवस्था दिसली. म्हणजे स्क्रिप्टने ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारा डेटाबेसचा व्यवहार) सुरू केलं, पाठवायच्या ईमेलच्या ओळी वाचल्या आणि ट्रान्झॅक्शन तसंच उघडं ठेवून ती मेल सर्व्हरशी बोलायला गेली. तिथेच ती अडकली.

मेल सर्व्हर बाहेरचा होता. संध्याकाळी पत्रांचा मोठा गठ्ठा जायचा आणि एका ठराविक संख्येनंतर पलीकडची बाजू पाठवणाऱ्याला मुद्दाम ताटकळत ठेवायची: जोडणी स्वीकारायची आणि उत्तर द्यायचं नाही, किंवा फार उशिरा द्यायचं. जास्त मेल पाठवणाऱ्यांना आवर घालायची ही जुनी, रूढ पद्धत आहे, त्यात पलीकडच्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण आपल्या स्क्रिप्टमध्ये टाइमआउट, म्हणजे वाट पाहायची मर्यादा, दिलेला नव्हता. मेल पाठवणाऱ्या पायथनच्या एसएमटीपी लायब्ररीला तुम्ही टाइमआउट सांगितला नाही तर ती उत्तराची वाट बघत बसते, कितीही वेळ. नेटवर्कच्या जोडणीचं दुसरं टोक जिवंत आहे का हे पाहणारी टीसीपीची कीपअलाइव्ह तपासणी इथे सोडवेल असं कोणाला वाटेल, पण ती जोडणीवर आपणहून चालू नसते, चालू केली तरी लिनक्समध्ये पहिली चाचणी मुळात ७२०० सेकंदांनी होते, आणि समोरचं मशीन जिवंत असून फक्त गप्प असेल तर कीपअलाइव्हला सगळं ठीकच दिसतं.

दुबार ईमेलचा उलगडाही इथेच झाला. अडकलेल्या प्रतींनी वाचलेल्या ओळींवर 'पाठवलं' ही खूण झालेली नसायची, कारण ट्रान्झॅक्शन पूर्ण झालेलंच नसायचं. पुढची प्रत त्याच ओळी पुन्हा उचलायची. मग पलीकडून उशिराने उत्तर आलं की दोन-तीन प्रती आपापला तोच ईमेल पाठवून मोकळ्या व्हायच्या. साइटचंही तसंच: रात्री ४० जोडण्यांचा पूल पुरतो, सकाळी गर्दी वाढली की पूल आणखी जोडण्या मागतो आणि डेटाबेस नाही म्हणतो.

दोन्ही तक्रारींचं मूळ सापडलं होतं. बरेच तपास इथेच संपतात. मला मात्र २:१५ ही वेळ सोडवत नव्हती. त्या मिनिटापासून सकाळच्या रीस्टार्टपर्यंत डेटाबेस कोणाही साध्या युजरला नवी जोडणी देत नव्हता. त्या वेळात क्रॉनटॅबमध्ये अजून काय काय होतं?

रात्री २:३० ची ओळ

डेटाबेसचा डम्प होता, म्हणजे रोजचा बॅकअप.

ओळ लांबलचक होती, पण तिचा आशय असा: पोस्टग्रेसच्या पीजी-डम्प या कमांडचं आउटपुट पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला देणाऱ्या जोडातून) माहिती दाबून लहान करणाऱ्या जीझिपला द्या, जीझिपचं आउटपुट आजच्या तारखेच्या फाईलमध्ये लिहा, मग अर्धविराम, मग सात दिवसांपेक्षा जुन्या फायली शोधून पुसा. तारखेतल्या टक्क्याच्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघही नीट दिलेली होती. क्रॉनटॅबमध्ये नुसतं टक्क्याचं चिन्ह आलं तर क्रॉन त्याला नवी ओळ समजतो, हे लिहिणाऱ्याला माहीत होतं. जाणकार माणसाने लिहिलेली ओळ होती ती.

बॅकअपच्या फोल्डरमध्ये गेलो आणि फायलींची आकारासकट यादी काढली. प्रत्येक तारखेची फाईल जागेवर होती, वेळही बरोबर, रोज २:३०. आणि प्रत्येक फाईलपुढे आकार एकच: २०.

वीस बाइट. जीझिपला काहीही न देता त्याच्याकडून फाईल बनवून घेतली तर ती नेमकी एवढीच होते: सुरुवातीची १० बाइटची ओळख, २ बाइटचा रिकामा ठोकळा, आणि शेवटी तपासणी-अंक आणि लांबी मिळून ८ बाइट. हा आकडा ज्याने एकदा बॅकअपच्या फोल्डरमध्ये पाहिला तो पुन्हा विसरत नाही. ती फाईल उघडते, तिची तपासणी केली तर ती शुद्ध निघते, आणि तिच्या आत काहीही नसतं.

पीजी-डम्प ॲप्लिकेशनच्याच युजरने डेटाबेसशी जोडत होता, म्हणून सुपरयुजरच्या राखीव तीन जागा त्याला मिळत नव्हत्या. जोडणी नाकारली गेली, पीजी-डम्प एरर देऊन संपला, पाइपच्या दुसऱ्या टोकाला जीझिपला शून्य बाइट मिळाले आणि त्याने आपलं काम चोख केलं. शेलमध्ये पाइपच्या साखळीचा एक्झिट कोड (यश-अपयश सांगणारा अंक, यशाला शून्य) हा शेवटच्या कमांडचा धरला जातो. शेवटी जीझिप होता, तो यशस्वी होता, म्हणून सगळी ओळ यशस्वी. त्यापुढे अर्धविराम होता, आणि अर्धविराम आधीचं यश-अपयश विचारतच नाही. जुन्या फायली पुसणारी कमांड रोज इमानाने चालली. संध्याकाळचा मोठा गठ्ठा रोज जायला लागल्यापासून रोज रात्री एक रिकामी फाईल आत येत होती आणि एक खरी फाईल बाहेर जात होती. शेवटची खरी फाईल पुसली गेली तेव्हाही काही वाजलं नाही.

दुसऱ्या मशीनवर प्रत होती ना? होती. पहाटे ४ वाजता आरसिंक हा फायली नेणारा प्रोग्राम तेच फोल्डर दुसऱ्या मशीनवर नेत होता, आणि मुळात नसलेल्या फायली तिकडूनही पुसायचा पर्याय दिलेला होता. तिकडेही वीस-वीस बाइटच होते.

क्रॉनच्या लॉगमध्ये मात्र सगळं व्यवस्थित. रोज २:३० ला डम्पची ओळ सुरू झाल्याची नोंद होती. डेबियनचा क्रॉन मुळात फक्त सुरुवातीची नोंद करतो. शेवटाची आणि अपयशाची नोंद हवी असेल तर त्याला लॉगची पातळी वेगळी सांगावी लागते, आणि सांगितली असती तरी या ओळीचा एक्झिट कोड शून्यच होता.

लॉगमध्ये अजून एक ओळ होती, रोज त्याच वेळेच्या आसपास. तिचा अर्थ असा: मेल पाठवणारा प्रोग्राम बसवलेला नाही, म्हणून आउटपुट टाकून देत आहे. पीजी-डम्पची एरर डेव्ह-नलमध्ये गेली नव्हती; ती क्रॉनच्या हातात आली होती, आणि जॉबने काही छापलं तर ते मालकाला मेलने कळवायचं हा क्रॉनचा जुना नियम. ज्या काळी हा नियम ठरला तेव्हा प्रत्येक युनिक्स मशीनवर स्थानिक मेल असायचा आणि ती पेटी कोणीतरी रोज उघडायचं. आज बऱ्याच सर्व्हरवर मेलचा प्रोग्राम बसवलेलाच नसतो. क्रॉनने एरर सांगायचा प्रयत्न रोज केला आणि ऐकणारं कोणी नसल्याचीही नोंद केली.

आधी डम्प

हे लक्षात आलं तेव्हा साइट बंदच होती आणि रीस्टार्टसाठी फोन सुरू झाले होते. इथे घेतलेला निर्णय मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो: काहीही दुरुस्त करण्याआधी, एकही प्रोसेस मारण्याआधी, हाताने डम्प घ्यायचा. त्या क्षणी जगात त्या माहितीची एकच प्रत होती आणि ती चालू डेटाबेसमध्ये होती. साइट थोडा वेळ आणखी बंद राहिली तर लोक चिडतील. रीस्टार्टमध्ये डिस्कने दगा दिला तर परत काहीच येणार नाही.

सुपरयुजरच्या राखीव जागेतून जोडणी मिळाली. या वेळी पाइप नाही: पीजी-डम्पच्या स्वतःच्या कस्टम फॉरमॅटमध्ये, ज्यात दाबून लहान करणं आतच होतं. फाईल लगेच दुसऱ्या मशीनवर नेली आणि तिथे रिकाम्या डेटाबेसमध्ये रीस्टोअर करून मुख्य टेबलांतल्या ओळी मोजल्या. आकडे जुळले. त्यानंतर अडकलेल्या ५७ प्रोसेस मारल्या. साइट रीस्टार्ट न करताच सुरू झाली.

त्याच दिवशीची मलमपट्टी

ईमेलच्या ओळीला त्याच दिवशी दोन गोष्टी जोडल्या: फ्लॉक आणि टाइमआउट. दोन्ही कमांड बहुतेक लिनक्स मशीनवर आधीच असतात, काही बसवावं लागत नाही.

फ्लॉक एका फाईलवर कुलूप घेतो आणि ते मिळालं तरच पुढची कमांड चालवतो. 'वाट पाहू नकोस' हा पर्याय दिला की आधीची प्रत चालू असताना आलेली नवी प्रत तिथूनच परत जाते. हेच काम लोक पीआयडी-फाईल, म्हणजे चालू प्रोसेसचा क्रमांक असलेली फाईल, लिहून करतात, पण स्क्रिप्ट मध्येच मेली तर ती फाईल मागे राहते आणि मग जॉब पुन्हा कधीच चालत नाही. फ्लॉकचं कुलूप कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याकडे, असतं. ते धरणारी प्रोसेस गेली की कुलूप सुटतं. एक गोष्ट जपायची: स्क्रिप्टने पार्श्वभूमीत एखादी प्रोसेस सोडली तर ती उघड्या फाईलबरोबर कुलूपही वारशाने घेऊन बसते. आपल्या स्क्रिप्टमध्ये तसं काही नव्हतं, ते पाहून घेतलं.

नुसता फ्लॉक लावला असता तर प्रश्न सुटला नसता, फक्त त्याचं रूप बदललं असतं. ५७ प्रतींऐवजी एकच प्रत अडकली असती आणि बाकीच्या सगळ्या निमूटपणे परत गेल्या असत्या. डेटाबेस वाचला असता, पण ईमेल रात्रभर थांबले असते आणि तेही कोणाला कळलं नसतं. म्हणून आत टाइमआउट: चार मिनिटांनी समाप्तीचा सिग्नल, तरीही हटली नाही तर तीस सेकंदांनी सक्तीने बंद. टाइमआउटने मारलेल्या कामाचा एक्झिट कोड १२४ येतो, सक्तीने बंद करावं लागलं तर १३७, त्यामुळे नेहमीची एरर आणि अडकणं वेगळं ओळखता येतं. फ्लॉकला कुलूप मिळालं नाही तर तो १ देतो, जो कोणत्याही साध्या एररचाही असू शकतो. म्हणून त्यालाही पर्याय देऊन वेगळा क्रमांक नेमून दिला.

डेटाबेसमध्ये निष्क्रिय पडलेल्या ट्रान्झॅक्शनसाठी वेळेची मर्यादा घातली. पोस्टग्रेसमध्ये ही सोय ९.६ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे, पण मुळात ती शून्यावर, म्हणजे बंद असते. ॲप्लिकेशनच्या युजरपुरती ती चालू केली. आणि डेव्ह-नल काढून आउटपुट लॉगर या कमांडकडून सिस्टम लॉगमध्ये वळवलं.

मग नीट बांधणी

ईमेलच्या स्क्रिप्टमध्ये खरी दुरुस्ती ट्रान्झॅक्शनची होती. बाहेरच्या सर्व्हरशी बोलत असताना ट्रान्झॅक्शन उघडं असणं हेच मुळात घातक. नवी रचना अशी: एका छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये मोजक्या ओळी उचलायच्या, त्यांची अवस्था 'पाठवत आहे' अशी करून वेळ लिहायची, ट्रान्झॅक्शन पूर्ण करायचं, मग मेल पाठवायचा, जोडणीला ३० सेकंदांचा टाइमआउट देऊन, मग दुसऱ्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये 'पाठवलं'. ओळी उचलताना इतरांनी धरलेल्या ओळी वगळायची सोय पोस्टग्रेस ९.५ पासून आहे, ती वापरली, म्हणजे कधी दोन प्रती चालवायची वेळ आलीच तरी त्या एकाच ओळीवर पडणार नाहीत.

मधल्या अवस्थेत स्क्रिप्ट मेली तर ईमेल गेला की नाही हे नक्की सांगता येत नाही. यावर पूर्ण उत्तर नाही, निवड करावी लागते. आपोआप पुन्हा पाठवलं तर दुबार जायची शक्यता, नाही पाठवलं तर राहून जायची. आम्ही ईमेलच्या प्रकारानुसार ठरवलं: पासवर्ड बदलण्याच्या दुव्यासारखा ईमेल पुन्हा पाठवायचा, कारण तो दोनदा गेला तर फारसं बिघडत नाही, पैशांच्या पावतीसारखा ईमेल १५ मिनिटांहून जास्त मधल्या अवस्थेत दिसला तर माणसाने पाहायचा. हा निर्णय तांत्रिक वाटतो, पण तो व्यवसाय चालवणाऱ्या लोकांना विचारूनच घ्यावा लागतो.

डम्पची एक ओळ काढून तिची स्क्रिप्ट केली. डम्प आधी तात्पुरत्या नावाच्या फाईलमध्ये. पीजी-डम्पचा एक्झिट कोड शून्य नसेल तर तिथेच थांबायचं. शून्य असेल तर पीजी-रीस्टोअरकडून त्या फाईलची अनुक्रमणिका वाचून घ्यायची आणि मुख्य टेबलं तिच्यात आहेत का पाहायचं. आकार आदल्या खऱ्या डम्पच्या निम्म्याहून कमी असेल तर अपयश समजायचं. हे सगळं पार पडलं की मगच फाईलला तिचं खरं नाव द्यायचं. एकाच फाईलसिस्टमवर नाव बदलणं एका झटक्यात होतं, त्यामुळे त्या नावाची फाईल दिसली म्हणजे ती पूर्ण आहे असं आरसिंकला धरता येतं. आणि जुन्या फायली पुसणं सगळ्यात शेवटी, फक्त यश मिळालं तरच. वयाऐवजी संख्येवर: शेवटचे दहा चांगले डम्प ठेवायचे. दहा दिवस डम्प झाला नाही तर दहा जुने तसेच राहतील. दुसऱ्या मशीनवर पुसायचा पर्याय काढला. तिथली जुनी प्रत तिथलाच जॉब ठरवून काढतो, मूळ सर्व्हर नाही.

क्रॉन की टाइमर

या दोन जॉबसाठी सिस्टमडीचे (लिनक्समध्ये सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रामचे) टाइमर घेतले, बाकीचे क्रॉनमध्येच ठेवले. क्रॉन जुना म्हणून टाकाऊ, असं मला वाटत नाही. रोज एकदा तात्पुरत्या फायली झाडणाऱ्या ओळीसाठी सिस्टमडीला कामाचं वर्णन सांगणाऱ्या दोन युनिट फायली लिहिणं म्हणजे वाचणाऱ्यावर उगाच ओझं.

डम्पला टाइमरचा फायदा स्पष्ट होता. प्रत्येक वेळेचं आउटपुट आणि एक्झिट कोड जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या लॉगमध्ये, त्या सर्व्हिसच्या नावाखाली राहतो. काम फसलं तर दुसरं युनिट आपोआप सुरू करता येतं. मशीन २:३० ला बंद असेल तर 'पर्सिस्टंट' हा पर्याय सुरू झाल्यावर हुकलेली वेळ भरून काढतो. क्रॉनमध्ये हुकलेली वेळ हुकलीच, त्यासाठी अनाक्रॉन वेगळा लागतो. टाइमरची यादी काढली की मागच्या वेळी कधी चाललं आणि पुढे कधी चालणार हे एका ओळीत दिसतं.

ईमेलच्या जॉबला वेळेचं वेळापत्रकच नको होतं. त्याला हवं होतं 'मागचं काम संपल्यावर पाच मिनिटांनी', आणि टाइमरमध्ये नेमकी तशी सोय आहे. शिवाय सर्व्हिस चालू असताना टाइमर तिची दुसरी प्रत सुरू करत नाही, म्हणजे फ्लॉकचं काम आपोआप होतं.

पण इथे एक खाच आहे आणि ती या प्रकरणाच्या अगदी वर्मावर बोट ठेवते. अशा एकदा चालून संपणाऱ्या, 'वनशॉट' प्रकारच्या सर्व्हिसला सुरुवातीचा टाइमआउट मुळात बंद असतो. ती अडकली तर सिस्टमडीच्या लेखी ती अजून सुरूच होत आहे, कायमची, आणि टाइमर पुढची प्रत कधीच सोडणार नाही. क्रॉनमध्ये गर्दी झाली म्हणून निदान साइट बंद पडली आणि कोणीतरी पाहिलं. इथे संपूर्ण शांतता असते. चालण्याच्या एकूण वेळेवर मर्यादा घालणारी जी दुसरी सेटिंग आहे ती वनशॉटला लागूच होत नाही. सुरुवातीचा टाइमआउटच हाताने लिहावा लागतो. ईमेलला चार मिनिटं दिली, डम्पला दोन तास.

रीस्टोअर करून पाहण्याचा जॉब महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे ४ ला ठेवायचा ठरला. क्रॉनमध्ये हे सरळ लिहायला गेलं तर ० ४ १-७ * ० असं लिहावंसं वाटतं, आणि ते चुकीचं आहे: तारीख आणि वार दोन्ही रकाने भरले असतील तर क्रॉन दोन्हींपैकी एक जुळलं तरी जॉब चालवतो. म्हणजे १ ते ७ तारखेला रोज, आणि शिवाय प्रत्येक रविवारी. टाइमरच्या भाषेत वार आणि तारीख दोन्ही जुळावे लागतात, त्यामुळे तिथे हे सरळ लिहिता येतं. लिहिल्यावर सिस्टमडीच्या तपासणी कमांडला देऊन पुढच्या काही तारखा छापून पाहिल्या.

न आलेली खबर

आतापर्यंतच्या सगळ्या उपायांत जॉब स्वतःच सांगतो की मी फसलो. मशीनच बंद असेल, टाइमर कोणी थांबवून ठेवला असेल, क्रॉनटॅब चुकून पुसला गेला असेल, तर सांगणारं कोणी उरत नाही. क्रॉनटॅब पुसायचा आर हा पर्याय बदलायच्या ई या पर्यायाला कीबोर्डवर अगदी चिकटून आहे आणि तो काही न विचारता सगळं पुसतो, त्यामुळे ही शक्यता दूरची नाही.

म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या जॉबच्या शेवटी, फक्त यश मिळाल्यावर, एका वेगळ्या मशीनला छोटीशी खबर जाते. ते मशीन खबर आल्यावर काही करत नाही. ठरलेल्या वेळात आली नाही तर फोनवर संदेश पाठवतं. डम्पला २६ तास, ईमेलच्या जॉबला २० मिनिटं. डम्पच्या खबरीबरोबर फाईलचा आकारही जातो.

हे खरंच चालतं का, हे मुद्दाम बिघाड करून पाहिलं. चाचणीच्या मशीनवर नेटकॅट या नेटवर्कच्या कमांडने एक खोटा मेल सर्व्हर उभा केला, जो जोडणी स्वीकारतो आणि एक अक्षरही बोलत नाही. जुनी स्क्रिप्ट त्याच्याकडे वळवली, ती अपेक्षेप्रमाणे अडकून बसली. नवी स्क्रिप्ट ३० सेकंदांनी जोडणी सोडून पुढच्या ईमेलकडे गेली. मग स्क्रिप्टमधला टाइमआउट मुद्दाम काढला, तेव्हा सिस्टमडीने चार मिनिटांनी तिला मारलं. शेवटी टाइमरच बंद केला, आणि वीस मिनिटांनी फोनवर संदेश आला. डम्पसाठी चाचणीच्या डेटाबेसमध्ये जोडण्यांची मर्यादा हाताने भरून टाकली: स्क्रिप्ट एरर देऊन थांबली, तात्पुरती फाईल बाजूला राहिली, जुन्या दहांपैकी एकालाही हात लागला नाही.

उरलेल्या क्रॉनटॅबमधल्या प्रत्येक ओळीपुढे मग एक टिपण लिहायला घेतलं: हे काम बंद पडलं तर कोणाला आणि कधी कळेल. दोन ओळींचं उत्तर कोणालाच देता आलं नाही. त्या ओळी काही काळ बंद ठेवल्या, कोणी विचारलं नाही, मग काढून टाकल्या.

संध्याकाळचा गठ्ठा अजूनही जातोच, आता एका फेरीत ठराविक संख्येहून जास्त ईमेल न उचलता, बऱ्याच वेळात पसरून. पलीकडचा मेल सर्व्हर अजूनही अधूनमधून ताटकळत ठेवतो. त्या फेऱ्या जर्नलमध्ये टाइमआउट म्हणून दिसतात आणि राहिलेले ईमेल पुढच्या फेरीत जातात.